गुंठ्यावर गुन्हा, हमरस्त्यावर हक्क

नाशिक फाट्याहून वाकडकडे जाणारा ४५ मीटर रुंदीचा रस्ता पिंपळे सौदागर आणि रहाटणी यांच्या शिवेलगतून जातो. या रस्त्याच्या आणि त्याला येऊन मिळणाऱ्या रुंद रस्त्यांच्या दुतर्फा गेल्या वीस वर्षांत उत्तुंग गृहसंकुले उभी राहिली. तेथून पाठ फिरवून काळेवाडीच्या दिशेने चालू लागले की थोड्याच वेळात चित्र पालटते. नखाते वस्ती आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांतून गुंठ्यावर, काही ठिकाणी अर्ध्या गुंठ्यावर, बांधलेली दुमजली-तिमजली घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. तळमजल्यावर मालक आणि वरच्या खोल्यांतून भाडेकरू, अशी येथली सर्वसाधारण व्यवस्था. मालक बहुधा पिंपरी-भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला किंवा कपातीत घरी बसलेला कामगार असतो. भाडेकरू चाकणच्या कारखान्यांतून ठेकेदाराच्या हजेरीपटावर राबणारे तरुण असतात.

या दोन वस्त्यांपैकी दाट कोणती आणि विरळ कोणती, असा प्रश्न विचारला तर सामान्य माणूस गोंधळून जाईल. नगररचनेचा कायदा मात्र गोंधळत नाही. त्याच्या लेखी संकुलातील दाटी हा विकास आहे आणि गल्लीतील दाटी हा अपराध आहे. एकाच गावात, एकाच नदीच्या काठी, एकाच धरणाचे पाणी पिणाऱ्या दोन वस्त्यांना दोन न्याय कसे लागू झाले, हे समजून घेतल्याशिवाय पिंपरी-चिंचवडच्या विकास आराखड्याविषयी कोणतीही पुरोगामी भूमिका घेता येणार नाही. मे २०२५ मध्ये या शहराच्या सुधारित विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले आणि त्यावर नागरिकांनी हजारोंच्या संख्येने हरकती घेतल्या. बहुतेक हरकती आपापल्या घरावरून जाणाऱ्या रस्त्याविरुद्ध किंवा आपल्या जमिनीवर पडलेल्या आरक्षणाविरुद्ध होत्या. ते स्वाभाविकच आहे. परंतु घनतेची मर्यादा कोणासाठी आणि कोणाविरुद्ध, हा त्या सगळ्या हरकतींच्या मुळाशी असलेला प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

वसाहत कशी झाली

या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवात १९५४ मध्ये पिंपरीला स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून होते. त्या सार्वजनिक कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली, ही गोष्ट आज आवर्जून आठवावी अशी आहे. साठीच्या दशकात भोसरीची औद्योगिक वसाहत झाली, टेल्को आली, आकुर्डीला बजाजचा कारखाना आला. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश येथून माणसे आली आणि १९७२च्या दुष्काळानंतर तर त्यांची रीघ लागली. खासगी कारखानदारीने या माणसांचे श्रम घेतले. त्यांनी राहायचे कोठे, हा प्रश्न तिने बव्हंशी त्यांच्यावरच सोपवला.

शासनाला हा प्रश्न दिसला नव्हता असे नाही. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले ते याच हेतूने. औद्योगिक पट्ट्यातील कष्टकऱ्यांना परवडणारी, नियोजनबद्ध घरे द्यायची, हे त्याचे घोषित उद्दिष्ट होते. त्यासाठी आकुर्डी, निगडी, भोसरी, वाल्हेकरवाडी, थेरगाव, काळेवाडी, रहाटणी अशा गावांतील शेतजमिनींवर शिक्के पडले. काही जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या आणि त्यांवर निगडीसारख्या ठिकाणी देखणी पेठ-रचना झाली. पण तेथले भूखंड आणि बंगले कालांतराने ज्यांच्या हाती गेले त्यांत भोसरीचा यंत्रचालक शोधावाच लागेल. उरलेल्या जमिनी मात्र अधांतरी राहिल्या. प्राधिकरण त्या घेईना आणि सोडीनाही. मोबदला तुटपुंजा, तोही कधी मिळेल याचा भरवसा नाही. १९७२ ते १९८३ या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के परताव्यासाठी दशकानुदशके खेटे घालावे लागले, हे शेजारच्या शेतकऱ्याला दिसतच होते. मग त्याने शहाणपण केले. आरक्षणाचा शिक्का असलेली जमीन त्याने गुंठा-गुंठा करून विकून टाकली. घेणारा कारखान्यातला कामगार होता. खरेदीखत होत नव्हते, म्हणून व्यवहार मुद्रांकाच्या कागदावर आणि कुलमुखत्यारपत्रावर झाला. भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे, पत्नीचे दागिने आणि पतपेढीचे कर्ज यांतून एक खोली उभी राहिली. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण त्या पिढीने अक्षरशः जगून पाहिली.

१९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि रहाटणी, थेरगाव, पिंपळे सौदागर, पिंपळे गुरव, सांगवी ही गावे तिच्या हद्दीत आली. पालिकेने या घरांना नळ दिला, वीजमंडळाने मीटर दिला, निवडणूक आयोगाने मतदारयादीत नाव दिले, पालिकेने घरपट्टीही वसूल केली. बांधकाम परवानगी तेवढी कोणी दिली नाही. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित झाले तेव्हा मोकळे भूखंड महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले आणि माणसांनी भरलेल्या, वादात अडकलेल्या वस्त्या महापालिकेच्या गळ्यात पडल्या. पन्नास वर्षांच्या नियोजनाची ही वाटणी पुरेशी बोलकी आहे.

मर्यादा हवीच, पण कशासाठी?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वस्तीच्या घनतेवर मर्यादा असणे ही प्रतिगामी कल्पना नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा मांडवीच्या कोंदट चाळींतून माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला तो त्यानंतर. त्या न्यासाने सुधारणेच्या नावाखाली गरिबांची घरे पाडली अधिक आणि बांधली कमी, हा इतिहास आहेच. तरीही घरांच्या मधून वारा वाहिला पाहिजे, खिडकीतून ऊन आले पाहिजे, माणशी पाणी आणि सांडपाण्याची वाट असली पाहिजे, हा विचार लोकहिताचाच होता. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये रेमंड अन्विन यांनी एकरी बारा घरांचा आग्रह धरला, त्यामागे औद्योगिक नगरांतील अंधाऱ्या कोठड्यांचा अनुभव होता. जमिनीच्या मालकाला आपल्या जमिनीवर वाटेल तितके बांधता येणार नाही, समाज त्याचा हात धरील, हे तत्त्व घनतेच्या मर्यादेत आहे. समाजवादी विचाराला ते परके असण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो या तत्त्वाचे आज काय झाले आहे याचा. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्या नावातच तिचे मर्म आहे. नियंत्रण कोणाचे आणि प्रोत्साहन कोणाला, हे तिच्यातील चटई क्षेत्राचा तक्ता पाहिला की कळते. गावठाणाबाहेरील भूखंड ९ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर असेल तर त्यावर जमिनीच्या १.१ पट बांधकाम करता येते. त्याहून अधिक नाही. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर हे प्रमाण २ पर्यंत जाते, १५ ते २४ मीटर असेल तर अडीच, आणि ३० मीटर किंवा अधिक असेल तर ३. या वाढीतला मूळ हक्काचा भाग सर्वत्र १.१ एवढाच आहे. वरचे सगळे विकत घ्यायचे असते: काही शासनाला अधिमूल्य भरून आणि काही बाजारातून हस्तांतरणीय विकास हक्क खरेदी करून. शिवाय जिने, गच्च्या, सज्जे यांसाठी म्हणून आणखी साठ टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र, तेही पैसे भरून.

आता हा तक्ता रहाटणीच्या गल्लीत नेऊन पाहावा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. गल्ली सहा मीटरची. त्यावर मालकाला सुमारे १,२०० चौरस फूट बांधण्याचा हक्क आहे. त्याने तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येकी ९०० चौरस फुटांचे, असे २,७०० चौरस फूट बांधले तर तो कायद्याने अपराधी ठरतो. पण २,७०० चौरस फूट म्हणजे त्या गुंठ्याच्या अडीच पटीहून किंचित कमीच. हेच प्रमाण १८ मीटर रस्त्यावरच्या विकासकाला रीतसर मिळते आणि ४५ मीटर रस्त्यावरच्या विकासकाला याहूनही अधिक मिळते. अनुषंगिक क्षेत्र दोघांनाही पैसे भरून घेता येते असे धरले, तरी दोघांमधले अंतर तेवढेच राहते. जमीन तीच, माती तीच. फरक रस्त्याच्या रुंदीचा आणि खिशाच्या खोलीचा. ज्या मर्यादेने समाजाने मालकाचा हात धरायचा, ती मर्यादा दरपत्रक बनली आहे.

२०२१ सालचा दाखला तर विसरता कामा नये. त्या वर्षाच्या जानेवारीत राज्य शासनाने करोनाच्या मंदीचे कारण देऊन बांधकामावरील अधिमूल्यांत ३१ डिसेंबरपर्यंत पन्नास टक्के सवलत दिली. ग्राहकांचे मुद्रांक शुल्क विकासकाने भरावे, अशी अट तिला होती. परंतु शासनाने घनता निम्म्या भावात विकायला काढली हे त्यामुळे बदलत नाही. त्याच काळात पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामावरचा शास्ती कर चालू होता. २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, असा त्याचा मूळ नियम. लोकांच्या रेट्यामुळे २०१७ मध्ये ६०० चौरस फुटांपर्यंतची आणि २०१९ मध्ये १,००० चौरस फुटांपर्यंतची निवासी बांधकामे त्यातून वगळली गेली आणि २०२३ मध्ये तो पूर्णपणे माफ झाला. म्हणजे २०२१ मध्ये एकाच शहरात जादा मजल्यासाठी एकाला सवलत मिळत होती आणि दुसऱ्याला, त्याचे तीन मजले हजार फुटांत बसत नसल्यामुळे, दंड भरावा लागत होता. ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीचा इतका कागदोपत्री पुरावा क्वचितच सापडेल.

चटई मोजली, माणसे मोजली नाहीत

आणखी एक मूलभूत दोष आहे आणि त्याकडे पुरोगामी मंडळींचेही दुर्लक्ष झाले आहे. चटई क्षेत्राच्या निर्देशांकाला आपण घनतेची मर्यादा समजतो. वस्तुतः तो बांधकामाच्या आकारमानाची मर्यादा आहे. तो सिमेंट मोजतो. माणसे मोजत नाही. दोन हजार चौरस फुटांच्या एका सदनिकेत चार माणसे राहतात आणि तेवढ्याच जागेच्या आठ खोल्यांत चोवीस माणसे राहतात. निर्देशांकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. माणशी घागरभर पाणी किती लागेल, अंगणवाडीत किती पाट मांडावे लागतील, दवाखान्यात किती खाटा लागतील, हे माणसांच्या संख्येवरून ठरते. चटई क्षेत्र वाढवून घरे स्वस्त होतील असा युक्तिवाद केला जातो. पण वाढीव क्षेत्रात लहान घरे किती आणि मोठ्या सदनिका किती, हे बाजारावर सोडले तर क्षेत्र वाढते, घरे वाढत नाहीत आणि भावही उतरत नाहीत.

माणसे न मोजण्याचा कळस असा की या शहराचा नवा आराखडा ताज्या जनगणनेशिवाय तयार झाला. २०२१ची जनगणना झालीच नाही. ती आता २०२७ वर गेली आहे. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांच्या घरात होती, त्याआधीच्या दशकात ती १० लाखांच्या आसपास होती. दर दहा वर्षांनी ज्या शहराचा पसारा असा फुगतो, त्याच्या घनतेची पुढील वीस वर्षांची मर्यादा अंदाजांवर बेतणे म्हणजे वरातीमागून घोडे. त्यातही रहाटणीच्या भाड्याच्या खोल्यांतून राहणारा कंत्राटी कामगार कोणत्याच यादीत नीट सापडत नाही. त्याचे मत गावाकडे, त्याचे रेशनकार्ड गावाकडे. येथे आहेत फक्त त्याचे श्रम. चाकणचा कारखानदार त्याला घरभाडे परवडेल असा पगार देत नाही. त्या तुटीची भरपाई रहाटणीची स्वस्त खोली करते. ज्या दाटीला शासन बेकायदेशीर म्हणते, ती दाटी या पट्ट्यातील नफ्याचा एक आधार आहे.

पाण्याचा हिशेब

घनतेची खरी मर्यादा निसर्गाने आखून दिली आहे, ती पाण्याची. पवना धरणाचे पाणी नदीतून सोडले जाते आणि रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी मिळू लागले आणि तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून राहिली. पुढच्या वर्षी अधिक घनतेची नियमावली आली. ज्या शहराला रोज पाणी देता येत नव्हते, त्या शहरात रुंद रस्त्यावर तिप्पट बांधकामाची मुभा देताना पाण्याच्या तक्त्याशी चटईच्या तक्त्याची गाठ कोणी घातली नाही. संकुलाला टँकर विकत घेता येतो; गल्लीला येत नाही. दाटी दोघांची, तहान एकाची.

या पाण्याची दुसरी बाजू मावळात आहे. धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले, त्यांत एक महिला होती. योजना स्थगित झाली. ती स्थगिती २०२३ मध्ये उठवण्यात आली. नळाच्या गळतीची किंवा नदीच्या प्रदूषणाची कारणे देऊन बंद वाहिनीचे समर्थन करता येईल; त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. एवढे मात्र निर्विवाद आहे की शहरात घनता विकली जाते तेव्हा तिचे पाणी गावातून येते. विक्रीचे पैसे शहरात जमा होतात आणि किंमत मावळ मोजतो. शहरातील कष्टकरी आणि मावळातील शेतकरी यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारी ही व्यवस्था ओळखणे, हे कार्यकर्त्याचे पहिले काम आहे.

दोन आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की रुंद रस्ता अधिक वाहतूक पेलतो, अरुंद गल्लीत आगीचा बंबही शिरत नाही. तेव्हा दाटीचे प्रमाण रस्त्याच्या रुंदीवर ठरवणे हे शास्त्रीयच आहे. यात तथ्य आहे. गल्लीतील घर जळू लागले तर कायद्याविषयीची सहानुभूती कामास येणार नाही. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष असा की गल्ल्या रुंद करणे आणि वस्ती सुरक्षित करणे हे पालिकेचे कर्तव्य आहे. पालिकेने ते चाळीस वर्षे टाळले आणि आता आपल्याच हलगर्जीपणाचे प्रमाणपत्र दाखवून ती रहिवाशाला हक्क नाकारते, याला शास्त्र म्हणता येत नाही. शिवाय रस्त्याची रुंदी हे पाण्याचे, मैलावाहिनीचे, शाळेचे माप नव्हे. पवनेचे पाणी ४५ मीटर रस्त्याकडे अधिक वाहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. गुंठेवारीतील प्रत्येक मालक गरीब नसतो. त्याच गल्ल्यांतून स्थानिक दांडग्यांनी, जमिनीच्या दलालांनी आणि काही पुढाऱ्यांनी भाड्यासाठी चार-चार, पाच-पाच मजले चढवले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. निवडणूक आली की ‘सर्व बांधकामे नियमित करू’ अशी घोषणा होते ती यांच्याच सोयीची असते आणि तिच्या आड कामगाराचे लहान घर पुढे केले जाते. सरसकट नियमितीकरण म्हणजे दांडग्याच्या पाचव्या मजल्याला कष्टकऱ्याच्या पहिल्या खोलीच्या नावे माफी. उलट सरसकट पाडापाडी म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. २०१२-१३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शहरात पाडकामे सुरू झाली तेव्हा अनधिकृत बांधकामांची संख्या साठ हजारांहून अधिक असल्याचे समोर आले होते. इतकी घरे पाडता येत नाहीत, हे प्रशासनालाही माहीत होते. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे प्रशमन शुल्क भरून नियमित करण्याची सोय झाली. परंतु अटी अशा की गुंठ्यावरचे घर त्यांत बसेना, आणि लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी नियोजित वर्तुळाकार द्रुतगती मार्गासाठी रहाटणी, काळेवाडी, थेरगाव, वाल्हेकरवाडी येथील घरांवर टाच आली, तेव्हा हीच माणसे ‘घर बचाव’ म्हणून रस्त्यावर उतरली. पाडणे आणि माफ करणे या दोन टोकांमध्ये शासन झोके घेते आणि रहिवासी कायम याचक राहतो. घर कायम असुरक्षित ठेवले की मत कायम सुरक्षित राहते, हे या राजकारणाचे गणित आहे.

दुसरी वाट होती आणि आहे

घनता आणि माणुसकी यांचा मेळ बसतच नाही, असे मानण्याचे कारण नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ पासून घरबांधणीसाठी स्वतंत्र कर लावला. बंगलेवाल्यावर जबर आणि कामगारावर नाममात्र, असा तो चढता कर होता. १९३४ पर्यंतच्या दशकात त्या नगरपालिकेने साठ हजारांहून अधिक घरे बांधली आणि ती भाड्याने दिली. त्यांतील कार्ल मार्क्स हॉफ या प्रसिद्ध वसाहतीत १,३८२ घरे होती, तरी जमिनीचा पाचव्या हिश्श्याहूनही कमी भाग बांधकामाखाली होता. बाकी अंगण, बाग, धुण्याची जागा, बालवाडी, ग्रंथालय. दाटी होती, पण ती नफ्यासाठी रचलेली नव्हती. १९३४ मध्ये फॅसिस्टांनी याच वसाहतीवर तोफा डागल्या, यावरून तिचे महत्त्व प्रतिपक्षाला किती कळले होते ते दिसते.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखालील जमिनीसाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि गोरेगावला दिंडोशी येथे सुमारे ६२ एकरांवर सहा हजारांच्या आसपास घरे उभी केली. म्हणजे एकरी जवळजवळ शंभर घरे. ही घनता लहान नव्हे. पण ती लहान माणसांच्या लहान घरांची आहे. हे शक्य झाले कारण १९७६च्या त्या कायद्याने शहरी जमिनीच्या मालकीला मर्यादा घातली होती. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदा रद्द केला. त्याच वर्षी आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील वाहननिर्मिती थांबली. कारखाने शहराबाहेर सरकले, जमिनीचे भाव चढत गेले. मालकीवरची मर्यादा गेली आणि घनतेची मर्यादा विक्रीस निघाली. या दोन घटना एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत.

तेव्हा मागणी काय असावी? पहिली, चटई क्षेत्राची कमाल मर्यादा प्रत्येक प्रभागातील पाणी, मैलावाहिनी, शाळा, दवाखाना यांच्या क्षमतेवरून ठरवावी, ती प्रसिद्ध करावी आणि त्यापलीकडे कोणत्याही किमतीला वाढीव क्षेत्र विकू नये. दुसरी, वाढीव क्षेत्र जेथे द्यायचे तेथे ते घरांच्या संख्येशी बांधावे. चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर वीस टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी राखण्याची तरतूद २०१३ पासून आहे. तिच्याखाली रहाटणी-वाकड पट्ट्यात किती घरे झाली आणि ती कोणाला मिळाली, याची यादी महापालिकेने प्रभाग कार्यालयात लावावी. तिसरी, गुंठ्यावरच्या राहत्या घराला, एका कुटुंबाला एक या मर्यादेत, निर्धोक मालकी द्यावी आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाड्याच्या इमारतीला ती देऊ नये. चौथी, गल्लीतील पाच-दहा घरांनी सहकारी संस्था करून जागा एकत्र केली आणि रस्त्याला जागा सोडली, तर रुंद रस्त्यावरचे प्रमाण त्यांना विनामूल्य मिळावे, मात्र भाडेकरूंचे पुनर्वसन त्याच जागी झाले पाहिजे. पाचवी, आजवर वसूल झालेल्या अधिमूल्याचा निश्चित हिस्सा पालिकेने भाड्याच्या सार्वजनिक घरांवर खर्च करावा. चाकणच्या कंत्राटी तरुणाला विकत घर नको आहे. त्याला कॉटच्या भाड्याऐवजी खोलीचे भाडे परवडले पाहिजे.

या मागण्या निवेदनाने मान्य होणार नाहीत. या पट्ट्यातील कामगार चळवळीने बोनस आणि वेतनकरार यांसाठी मोठे लढे दिले, त्याबद्दल तिचा गौरवच केला पाहिजे. परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलेला कामगार राहतो कोठे, हा प्रश्न तिने जमिनीच्या दलालावर आणि प्रभागाच्या पुढाऱ्यावर सोडून दिला, हेही कबूल केले पाहिजे. शास्ती माफ करा, एवढ्यावर लढा थांबला. दंड गेला, अपराध्याचा शिक्का राहिला. आराखड्याचे नकाशे सामान्य माणसाला वाचता येत नाहीत. चटई क्षेत्राचा तक्ता तर त्याहून दुर्बोध. तो गल्लीच्या तोंडाशी, फळ्यावर, गुंठ्याच्या भाषेत मांडून दाखवणे हे काम कोणताही कार्यकर्ता एका संध्याकाळी करू शकतो. १,०८९ चौरस फूट, सहा मीटर गल्ली, तेवढ्याच जमिनीवर मागच्या हमरस्त्याला मिळणारे क्षेत्र: हा हिशेब एकदा लोकांना कळला की माफीची याचना आपोआप थांबेल आणि समान नियमाची मागणी सुरू होईल. रहाटणीच्या गल्लीतून ती सुरू व्हावी, हे सर्वथा उचित होईल.